स्नॅप नावाची उजाड वाडी आणि आपले वाडे : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त इंग्लंडमधील स्विंडन येथे राहतो. गेल्या वर्षी मी तीन महिने त्याच्याकडे होतो. एका रविवारी त्याने मला ऑल्डबर्न गावाजवळच्या टेकड्यांवर फिरायला नेले. तेथे झाडीत एक दगड उभा होता आणि स्नॅप या वाडीत पूर्वी राहणाऱ्या लोकांच्या स्मरणार्थ तो उभारल्याचे त्यावर कोरलेले होते. आसपास एकही घर नव्हते. झुडपांत दगडांच्या काही रांगा तेवढ्या दिसल्या. ही वाडी साथीच्या रोगाने ओस पडली असावी, असे मुलगा म्हणाला. ते खरे का? आणि एवढ्याशा वस्तीचा इतिहास तेथील लोकांना कसा ठाऊक असतो? आमच्या वाड्यावर अकरा घरे आहेत, त्यांतील पाच बंद आहेत, आणि माझ्या पणजोबांच्या आधीचे मला काहीही सांगता येत नाही.
— एक निवृत्त शिक्षक, डिचोली

उत्तर : आपण पाहिलेली स्मृतिशिला १९९१ मध्ये शाळकरी मुलांनी उभारलेली आहे. ज्या दगडांच्या रांगा आपल्याला दिसल्या, ती तेथील घरांची आणि आवारांची जोती होत. तो दगड सार्सन या नावाने ओळखला जाणारा कठीण वालुकाश्म आहे आणि स्टोनहेंजचे मोठे दगडही त्याच जातीचे आहेत. अशा ठिकाणी पुन्हा जाणे झाले, तर जमिनीवर काय उगवले आहे, तेही पाहावे. माणसे आणि गुरे जेथे शेकडो वर्षे राहिली, तेथे राख, शेण आणि खरकटे यांमुळे मातीत फॉस्फरसचे प्रमाण वाढलेले असते, आणि अंगाला लागताच आग करणारी नेटल नावाची वनस्पती अशा मातीत दाट माजते. उजाड वस्तीच्या खुणा शोधणारे तेथील अभ्यासक नेटलचे रान दिसले की थांबतात.

आपल्या चिरंजीवांचा तर्क मात्र बरोबर नाही. इंग्लंडमधील ओसाड वस्ती दिसली की लोक बहुधा १३४८-४९ च्या महामारीचे नाव घेतात, कारण त्या साथीने देशाच्या लोकसंख्येचा फार मोठा भाग खरोखरच नेला होता. पण स्नॅप तिच्यातून तगली. या वाडीचा पहिला लेखी उल्लेख १२६८ चा आहे आणि त्यात तिचे नाव ‘स्नेप’ असे आले आहे. महामारीनंतर सुमारे तीस वर्षांनी, १३७७ मध्ये, चौदा वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीमागे चार पेन्स असा डोईपट्टीचा कर बसला, तेव्हा स्नॅपमध्ये तो भरणारे एकोणीस जण होते. मुले धरली, तर तीसेक माणसांची वस्ती झाली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातही तेथे चाळिशीच्या आसपास माणसे राहत होती. पाचशे वर्षांत ही वाडी फारशी वाढली नाही आणि मोडलीही नाही. ती मोडली ती विसाव्या शतकाच्या पहिल्या दीड दशकात, म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात.

त्याचे कारण धान्याच्या भावात आहे. १८७० नंतर अमेरिकेतील गवताळ मैदानांवर पिकलेला गहू रेल्वेने बंदरावर आणि आगबोटीने इंग्लंडला येऊ लागला. दोन दशकांत इंग्लंडमधील गव्हाचा भाव निम्म्याहून खाली आला. स्नॅपची जमीन खडूच्या टेकड्यांवरची, मातीचा थर पातळ, पाणी खोल. असल्या जमिनीत महाग गहू परवडतो, स्वस्त गहू परवडत नाही. त्याच काळात दहा-बारा मैलांच्या आत स्विंडनला रेल्वेचा कारखाना होता. तो १८४३ पासून चालू होता आणि तेथे बारमाही पगार मिळत असे. तरुण माणसे टेकडी उतरून कारखान्याकडे गेली. १९०५ मध्ये जवळच्या रॅम्सबरी येथील एका मांसविक्रेत्याने स्नॅपची शेते विकत घेऊन तेथे मेंढ्या सोडल्या. नांगरणी, पेरणी, कापणी आणि मळणी यांना जेथे डझनभर हात लागत, तेथे आता एखाददुसरा मेंढपाळ पुरत होता. पहिल्या महायुद्धाला तोंड लागेपर्यंत वाडी रिकामी झाली. बहुतेक कुटुंबे ऑल्डबर्नला गेली. अंतर चालत जाण्याजोगे असले, तरी वाडी संपायची ती संपलीच.

आपल्या गोमंतकीय वाचकाला एक गोष्ट मुद्दाम सांगण्याजोगी आहे. शेतमजुरांची घरे त्यांच्या स्वतःच्या मालकीची नसत. घर शेताचे असे आणि शेतावरचे काम असेपर्यंत त्यात राहायचे, अशी रीत होती. काम सुटले की घर सुटे. भाटकाराच्या (जमीनदाराच्या) भाटात घर करून राहणारा मुंडकार म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला स्नॅपमधील मजुराची स्थिती वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. गोव्यात मुंडकारांना संरक्षण देणारा कायदा १९७५ चा आहे, आणि इंग्लंडमध्ये शेतमजुरांच्या अशा घरांना संरक्षण देणारा कायदा त्यानंतर एका वर्षाने, १९७६ मध्ये झाला. स्नॅपच्या लोकांना तो सत्तर वर्षे उशिरा आला.

आता आपला दुसरा प्रश्न, आणि माझ्या मते तो पहिल्याहून मोठा आहे. एवढ्याशा वाडीची माहिती टिकली, ती तिचा इतिहास लिहावा असे कोणाला वाटले म्हणून टिकलेली नाही. कर घेणाऱ्यांनी, धर्मगुरूंनी आणि सरकारने आपापल्या गरजेपोटी कागद केले आणि ते कागद फेकून दिले नाहीत. नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकल्यानंतर १०८६ मध्ये डूम्सडे नावाची नोंदवही करवून घेतली. तेरा हजारांहून अधिक ठिकाणी किती नांगर, किती गिरण्या आणि किती कुरणे आहेत, हे तीत लॅटिनमध्ये लिहिलेले आहे. स्नॅपचे नाव तीत नाही. पण नाव नाही म्हणून वाडी नव्हती, असा अर्थ घेऊ नये. लहान वस्त्यांचा हिशेब पुष्कळदा मोठ्या गावाच्या पोटात धरला जाई. १५३८ मध्ये आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने प्रत्येक पॅरिशने, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतील वस्तीने, बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची वही ठेवावी, असा हुकूम काढला. १८३६ च्या कायद्याने चर्चला धान्यरूपाने द्यायचा दशमांश रोख रकमेत बदलला आणि त्यासाठी गावोगावचे नकाशे काढावे लागले. या नकाशांतील प्रत्येक शेताला क्रमांक आहे आणि त्यासोबतच्या वहीत मालक, कसणारा, पीक आणि शेताचे नाव लिहिलेले आहे.

सर्वांत जिवंत कागद जनगणनेचे. १८४१ पासून घरोघरच्या माणसांची नावे नोंदली गेली. त्या वर्षी मोठ्या माणसांची वये पाचाच्या पटीत खाली आणून लिहिण्याची सूचना होती, म्हणून बत्तीस वर्षांचा माणूस तीसचा दिसतो. १८५१ पासून नेमके वय आणि जन्माचा पॅरिश हे दोन्ही येऊ लागले. खेड्याचे एखादे पान उघडले, तर व्यवसायाच्या रकान्यात ओळीमागून ओळ ‘ॲग लॅब’ एवढेच लिहिलेले आढळते. शेतमजूर या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचा तो संक्षेप होय. जन्मस्थानाचा रकाना मात्र सावकाश वाचावा. पुरुष बहुधा त्याच पॅरिशमध्ये जन्मलेले असतात आणि स्त्रिया शेजारच्या तीनचार पॅरिशमधून आलेल्या असतात. हा रकाना म्हणजे त्या वाडीचा सोयरिकीचा नकाशाच होय. आपल्या वाड्यावरील अकरा घरांतल्या सुनांची आणि सासवांची माहेरे एका कागदावर लिहून पाहावीत. पणजोबांच्या मागे जाणारी वाट कदाचित तेथूनच सापडेल.

प्रश्न : इंग्रजीत खेड्यासाठी ‘व्हिलेज’ आणि ‘हॅम्लेट’ असे दोन वेगवेगळे शब्द आहेत. आपल्या लेखनात एकाला गाव आणि दुसऱ्याला वाडी म्हटलेले दिसते. हा भेद केवळ आकाराचा आहे काय?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : परंपरेने हा भेद चर्चचा आहे. ज्या वस्तीला स्वतःचे पॅरिश चर्च आहे ते गाव, आणि ज्या वस्तीतील लोकांना बाप्तिस्म्यापासून दफनापर्यंत दुसऱ्या गावच्या चर्चकडे जावे लागते ती वाडी. आपल्याकडे ग्रामदेवतेचे देऊळ गावाचे आणि मांड (उत्सवासाठी जमण्याची पवित्र जागा) वाड्याचा, तसेच काहीसे हे आहे. पूर्व आणि उत्तर इंग्लंडमध्ये ‘थॉर्प’ असा शेवट असलेली जी स्थलनामे आहेत, ती डॅनिश लोकांच्या वसाहतीच्या काळातील असून त्या शब्दाचा अर्थच मूळ गावापासून फुटून निघालेली लहान वस्ती असा होतो.

प्रश्न : आमच्या गावच्या कोमुनिदादीच्या (जमिनीचा सामाईक कारभार पाहणाऱ्या गावकरी संस्थेच्या) जुन्या वह्यांत शेतांच्या पावणीच्या, म्हणजे लिलावाच्या, नोंदी आहेत. गावाने एकत्र येऊन जमिनीचा कारभार पाहण्याची अशी पद्धत इंग्लंडमध्ये होती काय?
— एक गावकर, सासष्टी

उत्तर : मालकीच्या बाबतीत आपल्या गावकरीसारखी पद्धत तेथे नव्हती. जमीन जहागीरदाराची असे. कारभाराच्या बाबतीत मात्र साम्य पुष्कळ आहे. मध्ययुगीन इंग्लंडच्या मोठ्या भागात गावाची शेती दोनतीन विस्तीर्ण मैदानांत विभागलेली असे आणि त्या मैदानांत प्रत्येक शेतकऱ्याच्या लांबट पट्ट्या विखुरलेल्या असत, म्हणजे चांगली आणि वाईट जमीन सर्वांच्या वाट्याला येई. काय पेरायचे आणि गुरे केव्हा सोडायची, हे गावाच्या सभेत ठरे. पुढे संसदेने हजारो कायदे करून या मैदानांना कुंपणे घातली आणि ही पद्धत मोडली. नॉटिंगहॅमशायरमधील लॅक्स्टन या एका गावात ती आजही चालू आहे. तेथे तीन मैदाने आहेत. एकात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतातले पीक, तिसरे पडीक, असा फेरा चालतो. हिवाळ्याच्या तोंडाला गावचे पंच पेरलेल्या मैदानाची पाहणी करतात, हद्दीला खुंट्या ठोकतात आणि ज्याने नांगर शेजाऱ्याच्या पट्टीत किंवा वाटेत घातला असेल, त्याला दंड करतात. नांगराखाली न येणाऱ्या गवताच्या पट्ट्यांचे तेथे लिलावही होत आले आहेत, त्यामुळे पावणी हा शब्द त्यांना समजावून सांगणे आपल्याला अवघड जाणार नाही. लॅक्स्टनचा पट्टीनिहाय नकाशा १६३५ चा आहे. आपल्याकडे अफोंसो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने तिसवाडीच्या गावकऱ्यांचे रीतिरिवाज लिहून घेतले ते १५२६ मध्ये, म्हणजे त्या नकाशाच्याही शतकभर आधी. आपल्या कोमुनिदादीच्या वह्या वाळवीपासून जपाव्यात, ही माझी आपणांस कळकळीची विनंती आहे.

प्रश्न : आमचे घराणे मूळ कुर्डीचे. साळावली धरणात गाव गेल्यावर वडील वाड्डे येथे आले. महायुद्धात इंग्लंडमधील एक गाव असेच सरकारने रिकामे करून घेतले आणि लोकांना पुन्हा कधीच जाऊ दिले नाही, असे ऐकले. त्या गावाविषयी सांगावे.
— एक वाचक, सांगे

उत्तर : आपण ऐकलेले गाव बहुधा डॉर्सेटमधील टाइनम असावे. विल्टशायरमधील इंबर हेही गाव त्याच महिन्यात रिकामे झाले, पण टाइनमची कथा अधिक सांगितली जाते. नोव्हेंबर १९४३ मध्ये तेथील लोकांना पत्रे आली की, सैन्याच्या सरावासाठी जागा हवी असल्याने महिन्याभरात गाव सोडावे. डिसेंबरमध्ये सुमारे सव्वादोनशे माणसे निघून गेली. जाताना चर्चच्या दारावर एक चिठ्ठी लावलेली होती. चर्चला आणि घरांना जपा, पिढ्यान्पिढ्यांची घरे आम्ही युद्ध जिंकण्यासाठी दिली आहेत, आम्ही एक दिवस परत येऊ आणि गावाला मायेने वागवल्याबद्दल तुमचे आभार मानू, अशा आशयाची ती होती. युद्ध १९४५ मध्ये संपले. १९४८ मध्ये सरकारने सक्तीने जमीन संपादन केली आणि परत येण्याचा प्रश्न मिटवून टाकला. आजही तो भाग सैन्याच्या ताब्यात आहे. सराव नसेल, त्या शनिवार-रविवारी लोकांना जाऊ देतात. घरांची छपरे गेली आहेत, भिंती उभ्या आहेत. चर्च आणि शाळेची खोली मात्र नीट राखलेली असून गावातील कुटुंबांची माहिती तेथे मांडलेली आहे.

टाइनम आणि कुर्डी यांची तुलना एका मर्यादेपर्यंतच करावी. कुर्डीतून हललेल्यांची संख्या तीन हजारांच्या घरात होती आणि ते पाणी दक्षिण गोव्याच्या घराघरांत आज पोचते, तेव्हा त्या त्यागाचे फळ डोळ्यांसमोर आहे. टाइनमच्या लोकांना ते समाधान युद्ध संपताच उरले नाही. पण एका बाबतीत कुर्डीकर भाग्यवान आहेत. जलाशय आटला की दरवर्षी मे महिन्यात गाव वर येतो, लोक आपापल्या घरांची जोती शोधत चिखल तुडवत जातात, सोमेश्वराच्या देवळाशी जमतात आणि ख्रिस्ती कुटुंबे आपल्या कपेलाच्या जागी प्रार्थना करतात. महादेवाचे प्राचीन देऊळ तर दगड न् दगड उतरवून धरणाजवळ पुन्हा उभारलेले आहे. मोगूबाई कुर्डीकरांनी आपल्या नावासोबत या गावाचे नाव देशभर नेले, हे आपण जाणताच.

माझी आपणांस एक सूचना आहे. टाइनमच्या शाळेत आणि चर्चमध्ये जे जपले आहे, ते कुटुंबांनी दिलेल्या फोटोंवर आणि आठवणींवर उभे आहे. येत्या मे महिन्यात वडिलांना किंवा त्यांच्या वयाच्या कोणा जाणत्याला सोबत न्यावे, आणि प्रत्येक जोत्यापाशी उभे राहून ते घर कोणाचे, विहीर कोणाची, वाट कोठे जात होती, हे मोबाइलवर बोलून घ्यावे. मोबाइल ती जागा नकाशावरही नोंदवून ठेवतो. जो माणूस ते जोते पाहून दार कोणत्या बाजूला होते हे सांगू शकतो, तो हयात असेपर्यंतच हे काम होण्यासारखे आहे.

प्रश्न : आमच्या वाड्याचा इतिहास लिहावा असे मनात आहे. मी इतिहासाची विद्यार्थिनी नाही. सुरुवात कोठून करावी?
— एक वाचक भगिनी, पेडणे

उत्तर : सुरुवात राजांपासून करू नये, शेतांच्या नावांपासून करावी. लेस्टर येथे १९४८ मध्ये इंग्लंडमधील स्थानिक इतिहासाचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. त्या परंपरेतील अभ्यासकांनी एक गोष्ट पटवून दिली की, जमीन हाच सर्वांत जुना दस्तऐवज आहे आणि तो पायी चालून वाचावा लागतो. कुरणाखाली अजून दिसणाऱ्या नांगराच्या लाटा, वाकडीतिकडी कुंपणे आणि शेतांची विचित्र नावे यांवरून त्यांनी वाड्यांचे इतिहास उभे केले.

आपल्याकडे याची सोय हाताशी आहे. सर्वेक्षणाचा नकाशा आणि एक-चौदाचा उतारा आपण नेहमी मालकी पाहण्यासाठी काढतो. त्या उताऱ्यात शेताच्या नावाचा रकाना असतो, तिकडे आपले लक्ष जात नाही. वाड्यातील सर्व सर्व्हे क्रमांकांची नावे एका वहीत उतरवून घ्यावीत. मग एखाद्या सकाळी वाड्यातील जुन्या जाणत्या बाईला घेऊन बांधाबांधाने फिरावे. उताऱ्यातली किती नावे तिला ठाऊक आहेत आणि तिला ठाऊक असलेली किती उताऱ्यात नाहीत, हे पाहिले की एका दिवसात वही भरेल. मोरडाचे (उंचावरील शेतजमिनीचे), खेराचे (मधल्या पातळीवरील शेतजमिनीचे), झरीचे, पाणंदीचे, राखणदाराच्या झाडाचे आणि मांडाचे नाव वेगळे लिहावे. बाईच म्हणण्याचे कारण असे की, लावणी आणि निंदणी बायकांनी केलेली असते, म्हणून कोपऱ्याकोपऱ्याची नावे त्यांच्या तोंडी असतात. शिवाय धालोच्या, म्हणजे बायकांच्या पारंपरिक गाण्या-नाचाच्या, रात्री गाणाऱ्या बायकांना वाड्यातील देवतांचा आणि घरांचा क्रम ठाऊक असतो. नाव जसे उच्चारले तसेच लिहावे. ते शुद्ध करू नये. अर्थ लगेच लावण्याचाही मोह टाळावा.

त्यानंतर कागद. पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीज अमलाखाली गेले; त्याआधी तेथे सावंतवाडीकरांची सत्ता होती. म्हणून आपल्या भागातील जुन्या घरांत मोडी लिपीतले मराठी कागद असण्याची शक्यता अधिक. पोर्तुगीज काळातील जमीन नोंदणीत मालमत्तेचे नाव आणि तिच्या चारही हद्दी दिलेल्या असतात; आपल्या पणजोबांच्या भाटाच्या हद्दीत शेजारच्या चार घरांची नावे आयती मिळतात. देवळांच्या कारभारासाठी १८८६ मध्ये नियमावली झाली, तेव्हापासूनच्या महाजनांच्या याद्या पाहाव्यात. वाड्यात ख्रिस्ती घरे असतील, तर त्यांच्या इगर्जीतील बाप्तिस्म्याच्या वह्यांत आईवडिलांची नावे सापडतील. पणजीचे अभिलेखागार १५९५ पासूनचे आहे. सत्तरीतील पिसुर्ले गावात १८९४ मध्ये जन्मलेले पांडुरंग पिसुर्लेकर याच अभिलेखागाराचे प्रमुख होते. पोर्तुगीज कागदांच्या राशीतून मराठ्यांच्या इतिहासाची साधने बाहेर काढणारा हा माणूस एका लहान खेड्यातून आला होता, हे आपण लक्षात ठेवावे. तेथे जाताना नेमके गावाचे नाव, घराण्याचे नाव आणि अंदाजे साल एवढे तरी घेऊन जावे, नाहीतर दिवस वाया जातो.

घरातील पेटीत जुने कागद निघाले, तर ते प्लास्टिकमध्ये कायमचे चिकटवून घेऊ नयेत. घडी उलगडताना तुटत असेल, तर जबरदस्ती करू नये. दोन्ही बाजूंचे फोटो उजेडात काढावेत, कागद सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवावेत आणि मोडी वाचणारा माणूस मिळेपर्यंत कोणालाही मूळ प्रत देऊ नये. आपल्या वाड्यातील शेतांच्या नावांची यादी तयार झाली, तर ती या सदराकडे अवश्य पाठवावी; पेडण्याच्या इतर वाड्यांतील वाचकांनीही पाठवावी. अशा याद्या पुढील अंकांत तालुकावार छापण्याचे आम्ही ठरवले आहे.